स्वतःची हकीकत, स्वतःच्या शब्दांत

इ. स. १८४१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील नॅन्टकेट बेटावर गुलामगिरीविरोधी सभा भरली होती. १८३८ साली मेरीलँडच्या दास्यातून निसटलेला फ्रेडरिक डग्लस त्या गौरवर्णी श्रोत्यांपुढे उभा राहिला. अंग थरथरत होते, शब्द अडखळत होते. पण सभा हेलावून गेली. मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने त्याला फिरता वक्ता नेमले आणि त्याचे शिक्षण सुरू झाले. घडले तेवढेच सांगावे, मीमांसा आमच्याकडे सोपवावी, मळ्यावरची बोली थोडी राहू द्यावी, असे हितचिंतक त्याला बजावीत.

परंतु तीच हकीकत नित्य सांगणाऱ्याला तिचा अर्थही उमगू लागतो. डग्लस अन्यायाची चिकित्सा करू लागला, तसे लोक विचारू लागले : इतका सुसंस्कृत वक्ता गुलाम होता कशावरून? तेव्हा १८४५ साली त्याने आत्मचरित्र छापून मालकांची नावेगावे उघड केली. त्यामुळे पुन्हा पकडले जाण्याचे संकट ओढवले व त्याला ब्रिटनला जावे लागले. तेथील स्नेह्यांनी १८४६ मध्ये १५० पौंड जमवून त्याची कायदेशीर मुक्तता करविली.

व्यासपीठावर उभे राहण्याचे धडे दुसऱ्याकडून घेता येतात. आपल्या आयुष्याचा अर्थ मात्र ज्याचा त्यानेच सांगावयाचा असतो.