कासवाच्या पाठीचा हिरवा दगड

मिशिगनच्या शाळेत जाणाऱ्या एखाद्या मराठी मुलाला ‘तुमच्या राज्याचा दगड कोणता?’ असे विचारून बघा. ‘पिटॉस्की स्टोन’ असे उत्तर चटकन येईल. ते बरोबरही आहे. 1965 पासून हा मान त्या दगडाकडे आहे. मात्र ‘राज्याचे रत्न कोणते?’ असा पुढचा प्रश्न विचारलात तर मुलगा अडखळेल आणि बहुधा त्याचे आईवडीलही. त्या रत्नाचे नाव क्लोरॅस्ट्रोलाइट. 1972 मध्ये ते मिशिगनचे अधिकृत रत्न झाले. बोलीत त्याला ‘आइल रॉयल ग्रीनस्टोन’ म्हणतात, कारण सुपीरियर सरोवरातले आइल रॉयल बेट ही त्याची सगळ्यांत प्रसिद्ध जागा. गंमत अशी, की ज्या बेटाच्या नावाने ते ओळखले जाते, तिथून आज त्याचा एक खडाही घरी आणता येत नाही. कायद्याने बंदी आहे.

हा दगड तुम्ही पाहिला नसेल तर आधी त्याचे रूप सांगते. बहुतेक खडे हरभऱ्याएवढे किंवा वाटाण्याएवढे असतात. त्याहून मोठा आणि निर्दोष खडा मिळणे दुर्मीळ. रंग फिक्या हिरव्यापासून जवळजवळ काळपट हिरव्यापर्यंत. पॉलिश केल्यावर त्यावर कासवाच्या पाठीसारखी नक्षी उमटते: लहान लहान फिकट चकत्या आणि त्यांच्याभोवती गडद रेषांचे जाळे. प्रत्येक चकती म्हणजे एका केंद्रातून चहूकडे फुटलेल्या केसासारख्या तंतूंचा झुपका असतो. त्यामुळे खडा बोटांत फिरवला की रेशमी कापडासारखी चमक एका चकतीवरून दुसरीवर सरकते. कारागिराला मात्र हा दगड छळतो. आत पोकळी निघू शकते, आणि पॉलिश करता करता एक थर जास्त घासला गेला, तर वरची सुंदर नक्षी जाऊन खाली साधा हिरवा डाग उरतो.

त्याची जन्मकथा आपल्याला परकी वाटू नये, कारण सह्याद्रीही तशाच अग्नीतून निघाला आहे. सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका खंड मध्यभागी फाटू लागला आणि त्या भेगेतून लाव्हाचे थरावर थर बाहेर पडले. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या खडकातून खनिजे विरघळलेले गरम पाणी फिरले आणि पोकळ्या हळूहळू भरत गेल्या. कुठे तांबे बसले, कुठे क्वार्ट्झ, कुठे हे हिरवे तंतू. दख्खनचा लाव्हा त्या मानाने कालचा, साधारण 6.6 कोटी वर्षांचा. त्याच्याही पोकळ्या अशाच भरल्या. पण तिथले पाणी तुलनेने कमी तापलेले होते, म्हणून आपल्याकडे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट अशी खनिजे तयार झाली. कृती सारखी, आच वेगळी.

विज्ञानाचा इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय. त्यामुळे संग्रहालयात गेले की मी काचेतला दगड बघण्याआधी त्याच्याखालची चिठ्ठी वाचते. क्लोरॅस्ट्रोलाइटच्या चिठ्ठीवर सहसा तीन गोष्टी असतात: खनिजाचे नाव, ‘आइल रॉयल, मिशिगन’ हे ठिकाण आणि कोणी दिला त्याचे नाव. या तीन ओळींत काय मावले आणि काय बाहेर राहिले, ते आपण पाहू.

आधी ठिकाण. बेटाचे ‘रॉयल’ हे नाव फ्रेंचांनी दिलेले. 1783 च्या पॅरिस तहात ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातली सीमा सुपीरियर सरोवरातून आखताना ती ‘रॉयल आणि फिलिपो’ या बेटांच्या उत्तरेकडून जाईल असे लिहिले गेले. यातले फिलिपो बेट अस्तित्वातच नाही! जुन्या नकाशावरची चूक तहात उतरली. पण त्या रेघेमुळे कॅनडाच्या किनाऱ्याला जवळ असलेले आइल रॉयल अमेरिकेकडे आले. त्या टेबलावर बसलेल्या कोणीही बेट पाहिलेले नव्हते. ज्यांनी पाहिले होते, त्या ओजिब्वे लोकांचे त्यासाठी स्वतःचे नाव होते: मिनाँग. ‘चांगली जागा’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

ती चांगली होती यात शंका नाही. मासे होते, मेपलचा रस होता आणि खडकात शुद्ध तांबे होते. या बेटावर सुमारे 4,500 वर्षांपूर्वीपासून माणसे तांबे काढत आली. दगडी हातोड्यांनी खोदलेले शेकडो खड्डे आजही तिथे दिसतात. पोकळ्यांमधले तांबे काढण्यासाठी ज्यांनी हा खडक फोडला, त्यांच्या हाताखालून हे हिरवे खडे नक्कीच गेले असणार, कारण ती दोन्ही एकाच प्रकारच्या खडकात सापडतात.

1841 मध्ये डग्लस हाउटन या मिशिगनच्या भूवैज्ञानिकाने इथल्या तांब्याविषयी अहवाल दिला आणि खाणवाल्यांची रीघ लागली. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या झुंबडीच्याही आधीची ही झुंबड. मात्र खाण काढायची तर जमीन हवी. 1842 मध्ये ला पॉइंट इथे तह झाला आणि ओजिब्वेंनी सरोवराच्या दक्षिणेचा मोठा प्रदेश अमेरिकी सरकारला दिला. सरकारच्या मते त्यात बेटही आले. पण बेटाशी सगळ्यांत जवळचा संबंध होता तो समोरच्या किनाऱ्यावरच्या ग्रँड पोर्टेज इथल्या ओजिब्वेंचा, आणि त्यांचे म्हणणे असे की आम्हाला कोणी विचारलेच नाही. शेवटी 1844 मध्ये त्यांच्याशी वेगळा करार करावा लागला. तोवर खाणवाले बेटावर पोचलेही होते. आधी खोदकाम आणि मग कागद, हा क्रम तुम्हाला कुठे ना कुठे ओळखीचा वाटेल.

आता खनिजाचे नाव. 1847 मध्ये चार्ल्स टी. जॅक्सन आणि जोसाया व्हिटनी यांनी या दगडाचे वर्णन करून त्याला क्लोरॅस्ट्रोलाइट हे नाव दिले. ग्रीक भाषेतून जोडलेला शब्द: हिरवा, तारा, दगड. जॅक्सन हे बोस्टनचे रसायनतज्ज्ञ. टेलिग्राफची कल्पना मॉर्सला आपणच दिली असा त्यांचा दावा होता. 1846 मध्ये विल्यम मॉर्टनने शस्त्रक्रियेसाठी ईथरचा प्रयोग यशस्वी केला, तेव्हाही त्याचे श्रेय आपले आहे म्हणून ते वर्षानुवर्षे भांडले. कोणी काय आधी शोधले यापायी आयुष्य खर्ची घातलेल्या माणसाने, हजारो वर्षे वापरात असलेल्या खडकातल्या दगडाचा ‘शोध’ आपल्या नावावर लावावा, याला काय म्हणावे! बरे, ते श्रेयही पुरते टिकले नाही. 1925 मध्ये किविनॉ द्वीपकल्पातल्या तांब्याच्या खाणींमधल्या एका खनिजाला, त्या भागाचा अभ्यास केलेल्या राफेल पम्पेली यांच्यावरून पम्पेलाइट हे नाव मिळाले. पुढे लक्षात आले, की क्लोरॅस्ट्रोलाइट हा पम्पेलाइटचाच एक प्रकार आहे. आज खनिजशास्त्राच्या यादीत पम्पेलाइट आहे. क्लोरॅस्ट्रोलाइट हा शब्द संग्राहक, जवाहिरे आणि मिशिगनचा कायदा यांच्याकडे राहिला.

बेटावरच्या खाणी तीन वेळा सुरू झाल्या आणि तिन्ही वेळा बंद पडल्या. शेवटची फेरी 1893 मध्ये आटोपली. त्यातल्या एका मोठ्या खाणीचे नाव मात्र मिनाँग होते. जमीन गेली आणि नाव कंपनीच्या पाटीवर आले. पुढे मासेमार राहिले, उन्हाळी पाहुणे आले आणि किनाऱ्यावर हिरवे खडे वेचणे ही हौस झाली. 1931 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला, 1940 मध्ये उद्यान प्रत्यक्षात आले. वेचणे थांबवावे लागले, कारण प्रत्येकाने एकच खडा खिशात घातला तरी किनारा रिकामा व्हायला किती वर्षे लागणार? संग्राहक आता किविनॉवर, जुन्या खाणींतून फेकलेल्या दगडांच्या ढिगांमध्ये शोध घेतात, तोही जमीनमालकाची परवानगी घेऊन. 2019 मध्ये मिनाँग या नावाने बेटाची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. ग्रँड पोर्टेजच्या लोकांची परंपरागत जागा म्हणून. तहानंतर पावणेदोनशे वर्षांनी ते नाव सरकारी कागदावर परत आले.

आपण मराठी माणसांनी याकडे लांबून पाहून चालणार नाही. अमेरिकेत खनिजांचे प्रदर्शन भरते तिथे कधी गेलात, तर जवळजवळ हमखास एक टेबल महाराष्ट्राचे असते: जळगावचे, नाशिकचे, पुण्याचे स्फटिक. 1863 मध्ये पूर्ण झालेल्या भोर घाटाच्या रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडला, तेव्हा निघालेले नमुने थेट लंडनच्या संग्रहालयापर्यंत गेले. तो डोंगर फोडणाऱ्या हजारो मजुरांपैकी कित्येक जण कॉलऱ्याने तिथेच मेले. एकाचेही नाव चिठ्ठीवर नाही. पुण्याजवळच्या पाषाणच्या खाणींतले हिरवे अपोफिलाइट जगभर नावाजले गेले. गावाचे नावच पाषाण, पण जुन्या चिठ्ठ्यांवर बहुधा नुसते ‘पूना, इंडिया’. कुठल्या खाणीतून, कुठल्या विहिरीतून, कोणत्या वडाराच्या सुरुंगाने ते बाहेर आले, हे नंतर शोधायचे म्हटले तरी सापडत नाही. मिनाँगला निदान नाव परत मागणारी माणसे होती.

म्हणून दोन साध्या विनंत्या. पुढच्या वेळी प्रदर्शनात आपल्याकडचा स्फटिक घेतलात, तर विक्रेत्याला गाव आणि खाण विचारा आणि ते उत्तर दगडासोबत मराठीत लिहून ठेवा. मुलांच्या डब्यातल्या दगडांनाही तशी चिठ्ठी करून द्या: कुठला, कधी, कोणी दिला. वीस वर्षांनी तो दगड कोणाच्या हातात असेल ते आपल्याला माहीत नाही. चिठ्ठी असेल तर निदान तो कुठून निघाला ते त्याला कळेल.

आणि क्लोरॅस्ट्रोलाइट बघायचाच असेल, तर हाउटन गावातल्या मिशिगन टेकच्या ए. ई. सीमन खनिज संग्रहालयात जा. उन्हाळ्यात तिथूनच बेटावर बोट जाते. किनाऱ्याच्या गोट्यांत हिरवी चकती दिसली, तर पाण्यात भिजवून बघा, कासवाची पाठ उमटते का ते मुलांना दाखवा, आणि होती तिथेच ठेवून या.