शिक्षा एक, माफी वेगळी

पंचांनी एकाच गुन्ह्याला दोन न्याय लावले, की चावडीवर कुजबुज होतेच. फुटबॉलचेही तसेच आहे. २ एप्रिल १९१५ रोजी मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला २-० असे हरवले. निकाल आधीच ठरवून पैजा लावल्याचे चौकशीत दिसले. दोन्ही संघांच्या मिळून सात खेळाडूंवर इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने जन्मभराची बंदी घातली.

महायुद्ध संपले. १९१९ मध्ये देशसेवेची दखल घेऊन सहाजणांची बंदी उठली. त्यांतला सँडी टर्नबुल तर १९१७ मध्येच रणांगणावर पडला होता! राहिला एकटा ईनॉक वेस्ट. आपण निर्दोष आहोत म्हणून तो कोर्टात गेला होता, आणि हरला होता. त्याची बंदी उठली १९४५ मध्ये, साठी जवळ आल्यावर.

शिक्षा कडक असावी. पण माफीचेही माप सर्वांना एकच हवे. नाहीतर त्याला न्याय कसा म्हणायचा?