अक्षरांचीं घरें

बँकेंत खातें उघडतांना अगर परीक्षेचा अर्ज भरतांना नांवासाठीं लहान लहान चौकोनांची एक रांग छापलेली असते. एका चौकोनांत एकच अक्षर लिहावयाचें. ज्याचें नांव आखूड, त्याचे उजवीकडील चौकोन तसेच राहतात. ज्याचें लांब, त्याला आडनांवाचें शेपूट छाटावें लागतें. अर्ज तपासणारा कारकून कोरा चौकोन पाहतो आणि नांव येथें संपलें असें मनाशीं समजतो. त्याला कोणी तसें शिकविलेलें नसतें. कागदाचा पांढरेपणाच त्याला तें सांगतो.

संगणकाच्या स्मृतींत हा पांढरेपणा नाहीं. तेथेंही घरांच्या रांगा असतात आणि एकेका घरांत एकेक अक्षर राहतें. परंतु रिकामें घर असें तेथें नसतेंच. एकाद्या जुन्या चाळींत भाडेकरू बिऱ्हाड हलवून गेला, पण त्याचें सामान जेथल्या तेथें पडून राहिलें, असा तो प्रकार आहे. नव्या आज्ञावलीला वीस घरें मिळालीं म्हणजे त्यांत आधींच्या आज्ञावलीचीं अक्षरें, कोणाच्या तरी हिशेबाचे आंकडे, एकाद्या संकेतशब्दाचा तुकडा, कांहींही असूं शकतें. त्या वीस घरांत प्रथम काय ठेवावयाचें, कोणीं ठेवावयाचें, आणि न ठेवल्यास काय, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु आज्ञावलीच्या भाषा रचणाऱ्या मोठमोठ्या पंडितांना त्यानें पुष्कळ वर्षें स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

या घरांची आंखणी प्रथम कागदावरच झाली. अमेरिकेच्या १८९० सालच्या शिरगणतीसाठीं हर्मन हॉलरिथ यांनीं भोकें पाडलेल्या कार्डांची पद्धत योजिली, आणि १९२८ सालीं आय. बी. एम. कंपनीनें ऐशीं उभ्या रकान्यांचें कार्ड प्रचारांत आणलें. एका रकान्यांत एक अक्षर. ज्या रकान्यांत भोंक नाहीं तो कोरा, याविषयीं कोणाचाही मतभेद होण्याचें कारण नव्हतें. पुढें १९५९ सालीं व्यापारी कामकाजासाठीं कोबोल ही भाषा आंखण्यास आरंभ झाला, तेव्हां तिनें कार्डाची ही शिस्त जशीच्या तशी उचलली. नांवाला तीस घरें म्हटलें कीं तीस. नांव लहान असेल तर उजवीकडे कोऱ्या जागा भरल्या जात; मोठें असेल तर उरलेला भाग कसलीही वाच्यता न करतां तोडला जाई. घराच्या जाहीरनाम्यांतच ‘आरंभीं सर्व कोऱ्या जागा’ असें लिहिण्याची सोयही होती. कारकुनी कामाला हें पुरेसें होतें. ज्यांचें आडनांव तुटलें त्यांना मात्र तें पुरेसें वाटलें नसावें.

याहून कडक शिस्तीचा विचार पुढें झाला तो युरोपांत. झूरिक येथील तंत्रविद्यापीठांत निक्लाउस विर्थ यांनीं १९७० च्या सुमारास पास्कल ही भाषा सिद्ध केली. विद्यार्थ्याला पहिल्यापासून नीटनेटकें लिहिण्याची संवय लागावी, हा तिचा एक प्रमुख हेतु होता. या भाषेंत प्रत्येक वस्तूचा प्रकार आधीं जाहीर करावा लागतो. पूर्णांकाच्या घरांत अक्षर ठेवतां येत नाहीं, आणि अक्षराच्या घरांत पूर्णांक. असा गोंधळ कोणी केला तर तो आज्ञावली चालूं लागल्यावर नव्हे, तर तिचें यंत्रभाषेंत भाषांतर होत असतांनाच पकडला जातो. भाषांतर करणाऱ्या या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. पास्कलचा कंपायलर हा कडक मास्तरच समजावा.

पण विर्थ यांनीं लांबीलाही प्रकाराचाच भाग मानलें, आणि तेथें अडचण उत्पन्न झाली. दहा अक्षरांची माला हा एक प्रकार, अकरा अक्षरांची माला हा दुसरा, आणि त्या दोहोंमध्यें सोयरीक नाहीं! ज्या यंत्रावर पहिला पास्कल कंपायलर चालला त्याचा एकेक शब्द साठ बिटांचा होता. एका अक्षरास सहा बिट लागत, म्हणून एका शब्दांत बरोबर दहा अक्षरें मावत. आणि त्या दहांच्या मालेला ‘आल्फा’ असें नांव मिळालें. पुणें हें नांव रोमन लिपींत चार अक्षरांचें आहे. तें आल्फामध्यें ठेवावयाचें तर चार अक्षरांपुढें सहा कोऱ्या जागा हातानें मोजून लिहाव्या लागत. पांच लिहिल्या तर कंपायलर नाकारी, सात लिहिल्या तरी नाकारी. शिवाय घर जाहीर करतांनाच त्यांत पहिलें मूल्य ठेवण्याची सोय मूळ पास्कलमध्यें मुळींच नव्हती. आधीं घरें मागावयाचीं, मग स्वतंत्र आज्ञेनें तीं भरावयाचीं; आणि या दोहोंच्या मध्यें एकाद्यानें तीं वाचलीं, तर त्याचें दैव त्याच्यापाशीं.

१९८१ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे ब्रायन कर्निघन यांनीं पास्कल ही आपली आवडती भाषा कां नाहीं, याविषयीं एक लेख लिहिला. त्यांतील एक मुख्य आक्षेप नेमका हाच होता. चुकीचा संदेश छापणारी एकच प्रक्रिया लिहावी म्हटलें, तर भाषेच्या मूळ नियमांप्रमाणें सर्व संदेश एकाच लांबीचे करून घ्यावे लागतात; लहान संदेशाला कोऱ्या जागांचें ठिगळ लावावें लागतें. आक्षेप रास्त होता. व्यवहारांत लोकांनीं पळवाटाही काढल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील पास्कलमध्यें अक्षरमालेच्या आरंभीं तिची खरी लांबी नोंदविण्याची युक्ति निघाली. तेथें कमाल लांबी सांगितली नाहीं तर ती ऐशीं धरली जाई. कार्डाचे रकाने वाचकाला आठवतीलच. १९८३ सालच्या टर्बो पास्कलमध्यें कमाल लांबी २५५ पर्यंतच सांगतां येई, कारण लांबी नोंदविणाऱ्या एका बाइटमध्यें याहून मोठी संख्या मावत नाहीं.

कर्निघन यांच्याच प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं घडविलेली सी ही भाषा अगदीं उलट स्वभावाची. तिनें लांबी कोठें लिहूनच ठेविली नाहीं. शब्द संपला कीं पुढील घरांत शून्य ठेवावयाचें, हीच शब्द संपल्याची खूण. त्यामुळें पांच अक्षरांच्या शब्दाला सहा घरें लागतात. गंमत अशी कीं, सी भाषेंत पांचच घरें जाहीर करून त्यांत आरंभीं पांच अक्षरांचा शब्द ठेवला, तर ती भाषा तें नियमांत बसवून घेते; शेवटचें शून्य तेवढें गळून जातें. मग पुढें तो शब्द वाचणारी आज्ञावली शून्य सांपडेपर्यंत शेजाऱ्याच्या घरांत शिरते.

हें शेजाऱ्याच्या घरांत शिरणें किती महाग पडतें, तें २ नोव्हेंबर १९८८ रोजीं दिसून आलें. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांतील एका विद्यार्थ्यानें लिहिलेली एक आज्ञावली त्या दिवशीं जाळ्यांतून एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरूं लागली. शिरण्याच्या तिच्या अनेक वाटांपैकीं एक अशी होती: दूरच्या वापरकर्त्याची माहिती देणाऱ्या एका सेवेनें येणाऱ्या ओळीसाठीं ५१२ घरें राखून ठेविलीं होतीं, आणि ओळ वाचणारी सी भाषेंतील आज्ञा किती अक्षरें आलीं हें मोजतच नव्हती. या पाहुणीनें ५३६ अक्षरें पाठविलीं. वरचीं चोवीस अक्षरें पलीकडील घरांत गेलीं, आणि काम आटोपल्यावर यंत्रानें कोठें परतावयाचें याचा जो पत्ता तेथें होता तोच बदलला. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणें सुमारें सहा हजार संगणक अडकले. ती न मोजणारी आज्ञा सी भाषेच्या प्रमाणग्रंथांतून काढून टाकावयास २०११ साल उजाडलें.

एकीकडे लांबीचा अतिरेकी सोंवळेपणा आणि दुसरीकडे अशी बेफिकिरी, यांच्यामधील मार्ग शोधण्याचा मोठा प्रयत्न झाला तो अमेरिकेच्या संरक्षण खात्यांत. त्या खात्याच्या निरनिराळ्या शाखांत शेंकडों भाषा व पोटभाषा वापरल्या जात होत्या, आणि त्यांचा खर्च आवरेनासा झाला होता. १९७५ सालीं एक मंडळ नेमण्यांत आलें. भाषा कशी हवी याचे त्यानें एकामागून एक पांच मसुदे काढले, आणि त्यांना गवताचा माणूस, लांकडाचा माणूस, कथलाचा, लोखंडाचा आणि शेवटीं १९७८ सालीं पोलादाचा माणूस अशीं नांवें दिलीं. मे १९७९ मध्यें चार स्पर्धकांतून ज्यां इश्बिया यांच्या फ्रान्समधील मंडळीची भाषा निवडली गेली. तिला ॲडा हें नांव मिळालें तें लव्हलेसची काउंटेस ॲडा हिच्यावरून. कवि बायरन याची ही कन्या. बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावर १८४३ सालीं तिनें लिहिलेल्या टिपा प्रसिद्ध आहेत. भाषेच्या लष्करी प्रमाणपत्राला १८१५ हा क्रमांक दिला गेला, तो ॲडाच्या जन्मसालावरून. आणि तें मंजूर झालें १० डिसेंबर १९८० रोजीं, म्हणजे तिच्या वाढदिवशीं. रुक्ष सरकारी कारभारांतही असें कौतुक क्वचित् घडतें.

ॲडानें अक्षरमालेचा प्रश्न फार विचारानें सोडविला. तिच्यांत अक्षरमाला हा प्रकार एकच आहे आणि त्याची लांबी मोकळी ठेविली आहे. म्हणून कोणत्याही लांबीची माला घेणारी एकच प्रक्रिया लिहितां येते. कर्निघन यांची तक्रार येथें उरत नाहीं. परंतु त्या प्रकाराची जी प्रत्यक्ष वस्तु निर्माण होते, तिची लांबी जन्मवेळींच ठरते आणि आमरण तीच राहते. ‘गांव’ नांवाची वस्तु जाहीर करतांना तिला पुणें हें रोमन लिपींतील चार अक्षरांचें नांव दिलें, तर तिला चार घरें मिळालीं. पुढें तिच्यांत सहा अक्षरांची मुंबई भरावयास गेल्यास ॲडा दोन अक्षरें गुपचुप तोडीत नाहीं आणि शेजाऱ्याकडेही सारीत नाहीं. मर्यादाभंगाची दोषसूचना देऊन ती तेथेंच काम थांबवते. सूचनेची दखल घेणारा भाग आज्ञावलींत असेल तर कारभार त्याच्या हातीं जातो. वीस घरांत आठ अक्षरें ठेवूं गेलें तरीही तीच सूचना. कमी तें जास्त इतकेंच चूक, हा न्याय नवख्यांना फार जाचतो, आणि ॲडा शिकणाऱ्याचा पहिला आठवडा बहुधा यांतच जातो.

यासाठीं ॲडानें एक सुटसुटीत रचना दिली आहे. वीस घरें जाहीर करावयाचीं आणि त्यापुढें ‘इतर सर्व घरांत कोरी जागा’ एवढेंच लिहावयाचें. कोऱ्या जागा मोजण्याचा पास्कलमधील त्रास यानें संपला. मात्र ‘इतर सर्व’ म्हणजे किती, हें कंपायलरला ठाऊक असलें पाहिजे. लांबी न सांगतां ही रचना वापरल्यास तो ती नाकारतो.

इतकी काळजी घेणाऱ्या ॲडानेंही एक दार उघडें ठेविलें आहे. आरंभींचें मूल्य देण्याची ती सक्ति करीत नाहीं. दुसऱ्या वस्तूचा पत्ता सांभाळणारी वस्तु असेल तर तिच्यांत ‘पत्ता नाहीं’ ही खूण आपोआप भरली जाते. परंतु आंकडे व अक्षरें यांचीं घरें जशीं मिळतील तशीं. लाखों घरें एकदां कोऱ्या जागांनीं भरून लगेच खऱ्या मजकुरानें भरण्यांत वेळ फुकट जातो, हें त्यामागील कारण, आणि तें खोटें नाहीं. १९९५ च्या सुधारलेल्या ॲडामध्यें एक तोड निघाली: कंपायलरला सूचना द्यावी आणि त्यानें न भरलेल्या घरांत शक्य तर मर्यादेबाहेरचें मूल्य ठेवावें, म्हणजे चुकून वाचतांच तें उघडकीस येईल. एक ते बारा एवढेच आंकडे चालतात अशा महिन्याच्या घरांत हें उत्तम साधतें. अक्षराच्या बाबतींत मात्र तें साधत नाहीं. त्याच वर्षीं अक्षरांची संख्या १२८ वरून २५६ झाली, आणि आठ बिटांच्या घरांत मावतात त्याही २५६ च अवस्था. प्रत्येक अवस्था हें कोणतें तरी वैध अक्षर. मागील भाडेकरूचें सामान आणि नव्याचें सामान यांत ओळखण्याजोगा भेदच उरला नाहीं. प्रकारांची सगळी शिस्त येथें येऊन थांबते, आणि घर झाडून घेण्याचें काम लिहिणाऱ्याच्याच गळ्यांत राहतें.

टोनी होअर यांनीं १९८० च्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत एक आठवण सांगितली आहे. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत त्यांच्या मंडळीनें एलियट यंत्रासाठीं अल्गोल भाषेचा कंपायलर केला. त्यांत रांगेंतील घराचा क्रमांक मर्यादेंत आहे कीं नाहीं हें प्रत्येक वेळीं तपासलें जाई. पुढें त्यांनीं गिऱ्हाइकांना विचारलें कीं, वेग वाढावा म्हणून ही तपासणी बंद करण्याची सोय हवी काय? गिऱ्हाइकांनीं एकमुखानें नको म्हटलें. या चुका किती वारंवार होतात हें त्यांना अनुभवानें कळलें होतें. याच व्याख्यानांत होअर यांनीं ॲडावरही कडाडून टीका केली. ती भाषा फार अवजड आहे, जेथें विश्वसनीयता प्राणाइतकी महत्त्वाची तेथें ती वापरूं नये, असें त्यांचें म्हणणें पडलें. पुढें रेल्वे, विमानें व उपग्रह यांच्या यंत्रणांत ॲडा वापरली गेली, त्यामुळें हा वाद एकतर्फी निकालांत निघाला असें म्हणवत नाहीं.

कोऱ्या जागांनीं घरें भरल्यावर आणखी एक पेंच उरतो. शेवटच्या कोऱ्या जागा नांवाच्या कीं घराच्या? कोबोल दोन नांवें ताडतांना लहान नांवापुढें कोऱ्या जागा आहेत असें मानून दोन्ही सारखीं ठरविते. ॲडा लांबी वेगळी म्हणून तीं निराळीं ठरविते. १९९५ पासून ॲडाबरोबर येणाऱ्या संग्रहांत ठराविक लांबीच्या मालांसाठीं एक ‘हलविण्याची’ प्रक्रिया आहे. मजकूर डावीकडे लावावा कीं उजवीकडे, उरलेल्या घरांत काय भरावें, आणि न मावल्यास कोणत्या बाजूनें तोडावें, हें सर्व तिला सांगतां येतें. कांहींच सांगितलें नाहीं तर ती डावीकडे लावते, कोऱ्या जागा भरते, आणि न मावल्यास दोषसूचना देते. परंतु उजवीकडे उतूं जाणारा भाग निव्वळ कोऱ्या जागांचा असेल तर तेवढा मुकाट्यानें सोडून देते. येथें मात्र अर्जावरील कारकुनाची समजूत तिला लाभली आहे.

हीं सगळीं घरें रोमन अक्षरांच्या मापानें आंखलेलीं होतीं. ‘महाराष्ट्र’ या शब्दांत डोळ्याला चार अक्षरें दिसतात. १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून ठरलेल्या इस्की या संकेतांत, आणि त्याच वर्षीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्येंही, काना आणि हलन्ताचें चिन्ह यांना स्वतंत्र जागा आहे. त्यामुळें हा शब्द दहा चिन्हांचा होतो. १९९५ च्या ॲडामध्यें सोळा बिटांचीं रुंद घरें आलीं, त्यांत तो बरोबर दहा घरें घेतो. परंतु हल्लीं सर्वत्र रूढ असलेल्या यू. टी. एफ. आठ या पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि साध्या घरांची गरज तिसांवर जाते. वीस घरांत हा शब्द भरावयास सांगितला तर ॲडा आपल्या मूळ रीतीप्रमाणें नकार देते. लिहिणाऱ्यानें ‘उजवीकडून तोड’ असें आधींच सांगून ठेविलें असेल, तर अठरा घरांत ‘महाराष’ एवढें बसतें आणि उरलेल्या दोन घरांत हलन्ताच्या तीन बाइटांपैकीं दोनच जाऊन पडतात. पडद्यावर त्यांच्या जागीं एक निरर्थक खूण उमटते.