उघडें दार आणि ओळखीची चिठ्ठी

रोमन साम्राज्याच्या रस्त्यांची कीर्ति शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असते. फरसबंदीचे, सरळ, मैलामैलाला खांब रोवलेले ते रस्ते. त्यांवरून सैन्य जाई, सरकारी टपाल जाई, व्यापारी जाई. परंतु दिवस मावळल्यावर त्या रस्त्यावरचा साधा वाटसरू निजे कोठें, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत सहसा विचारला जात नाहीं. वाटेवर सराया होत्या, पण त्यांची अब्रू चांगली नव्हती. होरेस कवीनें रोमहून ब्रुंदिसियम बंदरापर्यंतच्या आपल्या प्रवासाचें वर्णन लिहून ठेविलें आहे. त्यांत आरंभींच लबाड सराईवाले भेटतात. उतारूच्या सामानाची चोरी झाल्यास सराईवाल्याला जबाबदार धरणारा खास नियम रोमन न्यायाधिकाऱ्यांना करावा लागला, यावरूनहि त्या धंद्याची परीक्षा होते.

श्रीमंतांना या सरायांची पायरी चढण्याची गरज नसे. निरनिराळ्या शहरांतील बड्या घराण्यांत पिढीजात पाहुणचाराचा करार असे, आणि त्याची खूण म्हणून धातूचें किंवा हस्तिदंताचें एक लहानसें चिन्ह दोन्हीं घरीं जपून ठेवीत. पाहुण्यानें आपला तुकडा पुढें करावा, यजमानानें आपला काढावा. दोन्ही जुळले कीं परका घरचा झाला. पण चांभार, विणकर, सुटका झालेला गुलाम, विधवा यांच्याजवळ असा तुकडा कोठून असणार?

या माणसांना परगांवीं घर मिळवून देणारी एक सोय पहिल्या शतकाच्या मध्यास निर्माण झाली, ती ख्रिस्ती मंडळ्यांत. इ. स. ४९ च्या सुमारास बादशहा क्लॉदियस यानें यहुद्यांना रोममधून हांकून लावलें. त्यांत अक्विल्ला नांवाचा तंबू करणारा एक कारागीर आणि त्याची पत्नी प्रिस्किल्ला हीं होतीं. तीं करिंथास आलीं. तेथें पौल त्यांच्याकडे उतरला. त्याचाहि धंदा तोच असल्यामुळें तो त्यांच्यासोबत काम करून राहिला. पुढें हेंच जोडपें इफिसास गेलें, तेथें त्यांच्या घरीं मंडळी जमूं लागली. नंतर तें रोमला परतलें, तेथेंहि तसेंच. एका निर्वासित कारागिराचें बिऱ्हाड जेथें जाईल तेथें उपासनेची जागा आणि प्रवाशाचा निवारा होई! इ. स. ५७ च्या सुमारास पौलानें रोम येथील मंडळीला पत्र लिहिलें, त्याच्या अखेरीस करिंथजवळच्या किंख्रिया बंदरांतील फीबी नांवाच्या बाईची ओळख करून दिली आहे. तिचें स्वागत करावें, तिला जें लागेल तें साहाय्य द्यावें, कारण तिनें पुष्कळांना आणि खुद्द पौलालाहि आधार दिला आहे, असा त्या ओळींचा आशय आहे. ख्रिस्ती धर्माच्या सिद्धान्तांसाठीं ज्या पत्राचा कीस शतकानुशतकें काढला गेला, त्याच्या शेवटचें पान म्हणजे एका प्रवासी बाईसाठीं दिलेली ओळखीची चिठ्ठी आहे, ही गोष्ट पंडितांच्या चर्चेंत मागें पडते.

त्या काळीं चर्चची म्हणून वेगळी इमारत नव्हती. मंडळी म्हणजे कोणाचें तरी घर. सीरियांत युफ्रातिस नदीच्या कांठीं दुरा-युरोपोस नांवाचें ठाणें होतें. तेथें १९३१-३२ सालच्या उत्खननांत अशा घराचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. नेहमींच्या घडणीचें, मधोमध चौक असलेलें तें घर. इ. स. २४० च्या सुमारास दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठें दालन केलें आहे, एका कोपऱ्यांतल्या खोलींत स्नानसंस्कारासाठीं कुंड बांधलें आहे, आणि बाहेरून पाहतां शेजारच्या घराहून निराळें असें कांहींच नाहीं. इ. स. २५६ मध्यें इराणी सैन्यानें वेढा दिला तेव्हां तटाला बळकटी म्हणून त्यालगतचीं घरें मातीनें भरून टाकण्यांत आलीं. त्या मातीनेंच हें घर राखलें.

घर म्हटलें कीं पंगत आली, आणि पंगत आली कीं पंक्तिप्रपंच आलाच. करिंथच्या मंडळींत सधन लोक आधीं येऊन आपलें आणलेलें खाऊन घेत आणि कामावरून उशीरा येणारे गरीब उपाशी राहत, याबद्दल पौलानें खरमरीत कानउघाडणी केली आहे. तरीहि धनी आणि गुलाम एका जागीं जेवतात, हीच गोष्ट बाहेरच्यांना संशयास्पद वाटे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा अधिकारी धाकटा प्लिनी यानें या लोकांची चौकशी केली, त्यांतल्या दोन दासींचे हाल करून जबान्या घेतल्या, आणि बादशहा त्राजानला कळविलें तें एवढेंच, कीं ते पहाटे जमतात, मग पुन्हा एकत्र येऊन साधें निरुपद्रवी अन्न खातात. संघटनांना बंदी करणारा हुकूम निघाल्यावर तें जेवणहि त्यांनीं बंद केलें होतें.

दार उघडें आहे असें कळलें म्हणजे लुच्चा मनुष्यहि आंत शिरतो. दुसऱ्या शतकांतील उपहासकार लूसियन यानें पेरेग्रिनस नांवाच्या एका भटक्या तत्त्वज्ञाची गोष्ट रंगवून सांगितली आहे. हा पेरेग्रिनस कांहीं काळ ख्रिस्ती झाला, तुरुंगांत पडला. तेव्हां पहाटेपासून म्हाताऱ्या विधवा आणि पोरकीं मुलें तुरुंगाच्या दारीं बसलेलीं. मंडळीचे प्रमुख पहारेकऱ्यांना पैसे चारून त्याच्याजवळ आंत निजत. तऱ्हेतऱ्हेचें जेवण येई. आशिया प्रांतांतल्या शहरांतून मंडळ्यांच्या खर्चानें माणसें त्याला धीर द्यायला येत. त्यानें त्यावर बरीच माया जमविली. लूसियनला हंसायचें आहे तें या लोकांच्या भोळेपणाला. पण हंसतां हंसतां त्यानें त्यांच्या आपुलकीची जी साक्ष दिली आहे, तशी त्यांच्या मित्रांनाहि देतां आली नसती.

मंडळ्या मात्र लूसियनला वाटल्या तितक्या भोळ्या नव्हत्या. १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें ब्रियेनिओस या ग्रीक धर्माधिकाऱ्याला इ. स. १०५६ मध्यें नकललेलें एक हस्तलिखित सांपडलें. त्यांतला ‘दिदाखे’, म्हणजे ‘शिकवण’, हा अतिप्राचीन ग्रंथ त्यानें १८८३ सालीं छापला. त्यांत पाहुण्यांविषयींचे नियम एखाद्या संसारी बाईनें घालून द्यावे इतके व्यवहारी आहेत. फिरता प्रेषित आला तर त्याला प्रभूप्रमाणें मानावें, पण त्यानें एक दिवस रहावें, गरज पडल्यास दुसरा. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघतांना त्याला पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. साधा वाटसरू असेल तर दोन-तीन दिवस ठेवावा. कायमचें राहूं म्हणाला तर त्यानें आपल्या धंद्यावर पोट भरावें. धंदा येत नसेल तर मंडळीनें विचार करून त्याची सोय लावावी, रिकामा मात्र बसवूं नये. तें न पटणाऱ्यासाठीं ग्रंथकारानें ‘ख्रिस्ताचा व्यापारी’ अशा अर्थाचा एक खास शब्द योजिला आहे. या नियमांत दार लावून घेण्याची भाषा कोठेंच नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. प्रत्येक येणाऱ्याला पहिली रात्र आहेच. पारख आहे ती नंतरच्या दिवसांची.

दार लावून घेणारे दुसऱ्या कारणानें पुढें आले. योहानाच्या नांवावरील तिसरें पत्र हें नव्या करारांतल्या सर्वांत लहान पत्रांपैकीं एक, आणि तें सारें एका पाहुणचाराच्या भांडणाबद्दल आहे. लिहिणारा वडील गायस नांवाच्या गृहस्थाची वाखाणणी करतो, कारण त्यानें अनोळखी बंधूंना घरांत घेतलें. त्याच गांवचा दियत्रफेस मात्र वडिलानें पाठविलेल्या माणसांना थारा देत नाहीं, देणाऱ्यांना आडवतो आणि मंडळीबाहेर काढतो. पण दुसऱ्या पत्रांत तोच वडील, निराळी शिकवण घेऊन येणाऱ्याला घरांत घेऊं नका, असें बजावतो! दियत्रफेसलाहि आपण हेंच करतों आहों असें वाटत असेल. ठकापासून बचाव करण्यासाठीं सुरू झालेली पारख मताच्या पारखेकडे वळली, ती येथें.

तिसऱ्या शतकापर्यंत चिठ्ठीची पद्धति चांगली रुळली होती. मिसर देशांत ऑक्सिरिंकस येथें सोतास नांवाचा बिशप होऊन गेला. त्यानें दिलेलीं आणि त्याला आलेलीं अशीं कांहीं पत्रें तेथल्या वाळूनें जतन केलीं आहेत. अवघ्या कांहीं ओळींचीं तीं आहेत. हेराक्लेओपोलिस येथील वडिलांनीं त्याला लिहिलें आहे, कीं ही आमची बहीण येत आहे, तिला शांतीनें घ्या. हा एक मनुष्य अजून उत्पत्तीचें पुस्तक शिकतो आहे, त्याला शिकवणीसाठीं घ्या. बस्स, एवढेंच. अशा धाग्यांनीं गुंफलेल्या मंडळ्या पुढें फार लांबवर पसरल्या. सहाव्या शतकांत कॉस्मास या व्यापाऱ्यानें लिहिलें आहे, कीं हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर ‘कल्लियाना’ येथें ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणांतून नेमला जातो. तें ठिकाण म्हणजे मुंबईजवळचें कल्याण, असें पुष्कळ संशोधक मानतात.

इ. स. ३४१ च्या अंत्युखिया परिषदेच्या नांवावर असलेला एक नियम सांगतो, कीं शांतिपत्रावांचून कोणाहि परक्याला घेऊं नये. हा काळ आरियसच्या मतावरून माजलेल्या कलहाचा. दोन्हीं बाजूंचे बिशप एकमेकांना बहिष्कृत ठरवीत होते. अशा वेळीं चिठ्ठी कोणाच्या सहीची, यावर वाटसरूचें अंथरूण ठरणार हें उघड आहे. ४५१ मध्यें खल्केदोनच्या परिषदेनें आणखी बारकावा केला. मदतीची गरज असलेल्या गरिबांना चौकशी करून नुसतें शांतिपत्र द्यावें, शिफारसपत्र देऊं नये. आरंभीं फीबीला मिळालेल्या चिठ्ठींत असा दर्जा पाडलेला नव्हता.

मंडळ्यांचें काम मात्र अफाट वाढलें होतें. इ. स. २५१ मध्यें एकट्या रोमची मंडळी १,५०० हून अधिक विधवा आणि गरजू यांना पोशीत होती, असें तेथील बिशप कॉर्नेलियस यानें लिहिलें आहे. बादशहा युलियन जुन्या देवतांचा कैवारी, ख्रिस्ती लोकांचा वैरी. परंतु ३६२ सालच्या त्याच्या एका पत्रांत गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला हुकूम आहे, कीं शहरोशहरीं धर्मशाळा काढा. त्यासाठीं दरसाल ३०,००० मोदियस गहूं आणि ६०,००० सेक्स्तारियस द्राक्षासव मंजूर आहे. पांचवा हिस्सा पुजाऱ्यांच्या सेवेंतील गरिबांना, बाकीचें परक्यांना आणि भिकाऱ्यांना. परक्यांविषयींची आस्था हें त्या लोकांच्या वाढीचें एक कारण, असें तो तेथें कबूल करतो. हें पत्र सोझोमेन या ख्रिस्ती इतिहासकारानें जपलें आहे, आणि त्याच्या अस्सलपणाविषयीं अलीकडे शंका घेतली गेली आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. पुढें दहा वर्षांच्या आंत बासिल या बिशपानें कप्पदुकियांतील कैसरियाबाहेर जें उभारलें त्याविषयीं मात्र शंका नाहीं. तेथें प्रवाशांना उतरण्याच्या जागा होत्या, वैद्य आणि शुश्रूषा करणारे होते, ओझ्याचीं जनावरें होतीं, वाट दाखविणारे सोबती होते. महारोग्यांनाहि आसरा होता. त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यानें त्याला नवें नगर म्हटलें.

या भव्य सोयीचा एक परिणाम कॉन्स्टँटिनोपलचा बिशप योहान ख्रिसोस्तोम याच्या नजरेस आला. इ. स. ४०० च्या सुमारास तो तेथें प्रवचनें करीत असे. परका दारीं आला कीं गृहस्थ त्याला चर्चच्या धर्मशाळेची वाट दाखवूं लागले होते. चर्चजवळ पैसा आहे, मग आम्ही कशाला, असा त्यांचा सवाल. ख्रिसोस्तोमनें विचारलें, कीं दुसऱ्यानें प्रार्थना केली म्हणजे तुमची सुटते काय? मग त्यानें अगदीं थोडकें मागितलें. घरांत एक खोली पाहुण्यासाठीं वेगळी ठेवा, ती तळघरांतली असली, हलकी असली तरी चालेल. तींत एक खाट टाका, एक मेज ठेवा आणि एक दिवा.