मानशीचे दार कोण लावणार?

गेल्या डिसेंबरात एका रविवारी थोरल्या काकांना घेऊन बाणावलीला गेलो. काकांचे वय ८१. मुलीच्या शाळेत 'जुनी शेती' या विषयावर प्रकल्प होता, त्यासाठी तिला 'गोवा चित्र' दाखवायचे ठरले. काका म्हणाले, "मीही येतां." आम्हाला वाटले, तेवढीच त्यांची सहल. प्रत्यक्षात त्या दिवशी आम्हाला त्यांनीच सगळे दाखवले.

ज्यांनी हे संग्रहालय अजून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. व्हिक्टर ह्यूगो गोमीश या चित्रकाराने गावोगावी फिरून, मोडीत निघालेली, चुलीत जाण्याच्या वाटेवर असलेली अवजारे वर्षानुवर्षे गोळा केली. त्यातून २००९ साली हे संग्रहालय उभे राहिले. चार हजारांवर वस्तू तिथे आहेत. इमारतीचे खांब, दारे, खिडक्यासुद्धा पाडलेल्या जुन्या घरांतून आणलेल्या. आणि सभोवती सेंद्रिय शेती. म्हणजे अवजार काचेच्या कपाटात आणि शेत पुस्तकात, अशी फारकत इथे नाही.

जुने शेत त्याच्या माणसांसकट जपावे ही कल्पना जगात तशी नवी नाही. आर्तुर हाझेलिउस या स्वीडिश गृहस्थाने १८९१ मध्ये स्टॉकहोमला 'स्कान्सेन' उघडले. कारखाने आले, खेडी रिकामी होऊ लागली, तेव्हा त्याने ठिकठिकाणची शेतघरे सोडवून आणून एका टेकडीवर पुन्हा उभारली. त्यांत गुरे ठेवली, जुन्या पोशाखातली माणसे ठेवली आणि जुने काम लोकांसमोर करून दाखवण्याची सोय केली. पुढे युरोप-अमेरिकेत अशी कितीतरी शेते झाली. तिकीट काढून जावे, घोड्यांचा नांगर चाललेला पाहावा, मुलांनी गायीचे दूध काढून पाहावे. आपल्याला हसू येईल. पण हसण्याआधी स्वतःला विचारावे, आपल्या मुलांनी नांगर चाललेला शेवटचा कधी पाहिला?

त्या दिवशी नांगरांपाशी हेच झाले. मुलीने विचारले, "बाबा, हे धरतात कुठे?" मी अर्थातच रुमण्याकडे बोट दाखवले. तिचा पुढचा प्रश्न, "मग जमिनीत खोल किती जायचे ते कसे ठरवतात?" मी कला शाखेचा पदवीधर, वीस वर्षे सरकारी कारकून, शेतकऱ्याचा नातू. मला उत्तर येईना. काका पुढे झाले. जू हळसावर कुठे बांधायचे ते त्यांनी हाताने दाखवले. ते पुढेमागे सरकवले की फाळ खोल किंवा उथळ जातो. घट्ट रानात एक, चिखलात दुसरे. मग त्यांनी कमरेत किंचित वाकून, नसलेल्या बैलांना हाक घालून, नसलेले रुमणे दाबून दाखवले. शेजारच्या कुटुंबातली मुले येऊन उभी राहिली. पायली-कुडवाच्या मापांपुढे त्यांनी भात शिगोशीग कसे भरतात आणि हात मारून समतल कसे करतात ते सांगितले. "भाटकाराक दितना शीग, घेतना सपाट," म्हणाले आणि स्वतःच हसले. उसाच्या प्रचंड लाकडी चरकापाशी मात्र ते गप्प झाले. ती कला आमच्या घराची नव्हती.

परतताना गाडीत ते बराच वेळ बोलले नाहीत. बोरीचा पूल आला तेव्हा झुवारीकडे पाहत म्हणाले, "नांगर दवरूं येता, मापां दवरूं येतात. पूण भरती कशी दवरतलो रे?"

त्यांचा रोख मला कळला, कारण आमचे शेत खाजनातले आहे.

खाजन म्हणजे काय ते गोव्याच्या वाचकाला सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी उजळणी करतो. नदीच्या मुखाकडच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून सोडवलेली ही जमीन. भरतीच्या पातळीपेक्षा शेत खाली असते. बाहेर खारफुटी लाटा अडवते, मग मातीचा बांध, आत शेत आणि पाणी साठणारी पोंय. बांधात एक मानस. मानशीची लाकडी दारे अशी बसवलेली की भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. वीज नाही, यंत्र नाही, पाण्याने पाण्याला अडवायचे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पावसाने मातीतले मीठ धुऊन जाते, मग कोरगूट, आसगो यांसारखी खार सोसणारी भाते घ्यायची. पावसानंतर पोंयीत आणि मानशीत मासळी. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे मानले जाते.

हे काम किती जुने? आमच्याच फोंडा तालुक्यात, बांदिवड्याला, मौर्य राजा अनिर्जितवर्मा याचा ताम्रपट सापडला. तो साधारण पाचव्या-सहाव्या शतकातला. त्यात 'खज्जन' जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा शब्द आजही आमच्या कचेरीतल्या एक-चौदाच्या उताऱ्यात छापलेला असतो. लागवडीच्या जमिनीचे रकाने पाहा: जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड. मी हा उतारा रोज हाताळतो. जो शब्द राजाने तांब्यावर कोरला तो मी रबरी शिक्का मारून लोकांच्या हाती देतो, ही जाणीव व्हायला मला बाणावलीची फेरी करावी लागली.

म्हणजे पाहण्यासारखे ऐतिहासिक, चालू शेत आपल्या दारातच होते. त्याला तिकीट नव्हते. पण ते चालत होते ते बांधामुळे नव्हे, पाळीमुळे.

काका तरुणपणी मानस राखायला जात. दारे आपोआप मिटतात हे खरे. पण ओंडका किंवा कचरा अडकला की फट राहते आणि एका भरतीत खारे पाणी आत येते. बांधात कुर्ल्या बिळे करतात. आज बोटभर असलेले भोक उधाणाला हातभर होते. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे जागरणाची वेळही सरकते. काकांना अजून पंचांग लागत नाही. अष्टमीला भांग, पुनव-अमाशेला उधाण, आज पाणी किती वाजता चढेल ते ते अंगणातून सांगतात. शिवाय मानशीतल्या मासळीची पावणी व्हायची. पावणी घेणाऱ्याला दार जास्त वेळ उघडे हवे, शेतकऱ्याला मिटलेले. हा झगडाही रोजचा. तो सोडवायला गावकरी होती, शेतकऱ्यांचे भौंस होते. बांध फुटला की घराला एक माणूस यायचाच, न आल्यास दंड.

या व्यवस्थेला पोर्तुगिजांनीही सहजासहजी हात लावला नाही. १५२६ साली अफोंसु मेशिया या अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावांच्या चालीरीती लिहून काढल्या, तो 'फोराल' प्रसिद्धच आहे. सारा हवा तर शेत पिकले पाहिजे, शेत पिकायचे तर बांध टिकला पाहिजे, हे त्यांना कळत होते. फोंडा त्यांच्याकडे १७६३ मध्ये आला. इथेही बांधांचे काम गावांनीच चालवले.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती सरळ लिहितो. जुनी व्यवस्था न्यायाची होती असे मी म्हणणार नाही. गावकार मूठभर होते. माझे आजोबा कूळ होते. बांधावर चिखल वाहायला पहिले, धान्य वाटताना शेवटचे. मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला, १९७६ साली शशिकलाताई काकोडकरांच्या सरकारने पाचवी दुरुस्ती केली आणि कसेल त्याची जमीन झाली. आमच्या घराला जमीन मिळाली ती या कायद्याने. काकांच्या शब्दांत, त्या दिवसापासून आम्ही भात सपाट मापून द्यायचे बंद झालो. त्या कायद्याविरुद्ध माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.

पण जमीन आली तेव्हा बांधाची पाळी कोणाकडे आली? कागदोपत्री कुळांच्या संघटनांकडे आली, मोठी दुरुस्ती सरकारी खात्याकडे गेली. प्रत्यक्षात ती अधांतरी राहिली. गावकरीला वाटले, आता कुळांचे काम. कुळांना वाटले, सरकारचे काम. मधल्या काळात मुलगे नोकरीला लागले, मीही त्यांतलाच. काही ठिकाणी कोळंबीच्या पैशासाठी खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीतल्या कोळंबी प्रकल्पांवर निर्बंध घातले, पण मीठ शिरलेली जमीन निकालाने गोड होत नाही.

आमचा बांध २०१९ च्या पावसात फुटला. चौदा घरांची शेते पाण्याखाली गेली. संघटनेने अर्ज केला. पाहणी झाली, अंदाजपत्रक झाले, फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरली. कोणाला दोष देत नाही. माझ्या टेबलावरही दुसऱ्या एका गावची अशीच फाईल एकदा अकरा दिवस पडून होती. कारण काय, तर एका पानावर सही राहिली होती. अकरा दिवस म्हणजे बावीस भरत्या असे गणित तेव्हा मला सुचले नाही.

दरम्यान शेतात खारफुटीची रोपे उगवली. ती कायद्याने संरक्षित, हवी तशी तोडता येत नाहीत. धाकटा भाऊ म्हणू लागला, विकून टाकूया. पण २०२३ च्या कायद्याने भातशेती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंदी आली. कायदा चांगला आहे, नाहीतर खाजनात इमारतींचे पीक आले असते. तरी आमची गत अशी झाली की शेत विकता येत नाही आणि पिकवताही येत नाही. उताऱ्यावर अजून 'खाजन' लिहिलेले आहे. पाहायला गेले तर तळे.

काकांचा गाडीतला प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि तो मनातून जाईना. बाणावलीला एका माणसाने जे केले ते फार मोठे आहे. त्याने नांगर वाचवला नसता तर माझ्या मुलीने प्रश्न विचारला नसता आणि मला माझे अज्ञान कळले नसते. पण एक माणूस चार हजार वस्तू वाचवू शकतो, बांध मात्र एकटा वाचवू शकत नाही. बांध ही वस्तूच नाही. चौदा घरांनी एकमेकांना दिलेला तो शब्द आहे.

जानेवारीत चौदा घरांना निरोप दिला. बैठकीला नऊ घरे आली. दोघे भांडून गेले. दुरुस्तीला खात्याची रीतसर परवानगी घेतली, या वेळी फाईलमागे मी स्वतः फिरलो. मे महिन्यातल्या तीन रविवारी, भांग पाहून, सहा-सात जण चिखलात उतरलो. काका बांधावर खुर्ची टाकून बसले. चिखल कुठला घ्यायचा, पेंढा किती घालायचा, कुठे पायाने तुडवायचे, कुठे दगड लावायचा ते सांगत. माझ्या मुलीने वहीत सगळे उतरवून घेतले. शाळेचा प्रकल्प केव्हाच संपला होता. मानशीचे एक दार सुतार करून मिळाले, दुसरे जुनेच डागडुजी करून बसवले. भाऊ पहिल्या रविवारी आला नाही. तिसऱ्या रविवारी आला आणि सगळ्यांत जास्त चिखल त्यानेच वाहिला.

जूनच्या पुनवेच्या उधाणात बांध एका जागी खचला, पण फुटला नाही. यंदा पीक नाही. काकांनी शेतातले पाणी बोटाने जिभेवर लावून पाहिले आणि थुंकले. म्हणाले, अजून दोन पावसाळे. तोवर ते असतील का, हे आम्ही कोणी बोलत नाही. कोरगुटाचे थोडे बी शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याने द्यायचे कबूल केले आहे.

वाचकहो, तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्यांना घेऊन बाणावलीला जाऊन या. वस्तू पाहाच, पण त्या वस्तूंपुढे ते काय बोलतात ते जास्त ऐका. आणि गावी खाजन असेल तर एकदा ओहोटीला मानशीपर्यंत चालत जा.

आम्ही पाळ्या पुन्हा लावल्या आहेत. सात घरे, सात वार. माझा मंगळवार.