स्वयंपाकघराच्या दारातून विद्यापीठात : आहारतज्ज्ञाच्या पदवीचा इतिहास

जानेवारी १८७१. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एलन स्वॉलो या तरुणीला रसायनशास्त्राच्या अभ्यासासाठी प्रवेश मिळाला, आणि तोही विनाशुल्क. संस्थेत शिकणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. परिस्थिती बेताची म्हणून फी माफ झाली असावी, असा त्यांचा समज होता. खरे कारण पुढे उघड झाले. फी घेतलीच नाही, म्हणजे कोणी हरकत घेतल्यास ‘या बाई आमच्या विद्यार्थिनी नाहीत’ असे संस्थेच्या अध्यक्षांना सांगता येणार होते. हे आधी कळले असते तर आपण तेथे गेलोच नसतो, असे त्या नंतर म्हणाल्या.

आज विद्यापीठात आहारशास्त्र शिकून, रुग्णालयात उमेदवारी करून आणि परीक्षा देऊन ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ होता येते. या पदवीचा माग काढू लागले की अमेरिकेतील याच अर्धवट उघडलेल्या दारापाशी यावे लागते. हा धागा त्या दाराचा.

स्वॉलो १८७३ मध्ये पदवीधर झाल्या, पुढे विवाहानंतर एलन रिचर्ड्स या नावाने ओळखल्या गेल्या. रसायनशास्त्रातील डॉक्टरेट त्यांना एमआयटीने कधीच दिली नाही. तेव्हा त्यांनी प्रयोगशाळाच घराकडे वळवली : पाणी, हवा, अन्न. १८९० मध्ये मेरी हिनमन एबल यांच्यासह त्यांनी बॉस्टनमध्ये ‘न्यू इंग्लंड किचन’ सुरू केले. कामगारांना स्वस्त, पौष्टिक आणि प्रत्येक वेळी अगदी एकसारख्या मापाने शिजवलेले अन्न मिळावे, हा हेतू. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यांनी ‘रमफोर्ड किचन’ उभारले. तेथे जेवणाऱ्याला आपल्या ताटातील प्रथिने, मेद, कर्बोदके आणि कॅलरी यांचे आकडे वाचायला मिळत. आज पाकिटामागे छापलेला तक्ता आपण न वाचता टाकून देतो, त्याचे हे पणजोबा.

बॉस्टनचा प्रयोग मात्र ज्यांच्यासाठी होता त्यांच्याकडेच फसला. युरोपातून आलेल्या गरीब कुटुंबांना ते मोजूनमापून केलेले, बेचव वाटणारे अन्न रुचले नाही. आकडे बरोबर होते, पण ताट परके होते. पुढे १८९४ पासून याच स्वयंपाकघरातून बॉस्टनच्या माध्यमिक शाळांना दुपारचे जेवण जाऊ लागले आणि तेथे ते टिकले. आहारशास्त्र म्हणजे निव्वळ रसायनशास्त्र नव्हे, हा धडा या विषयाला पदवी मिळण्याआधीच मिळाला होता. तो पुन्हा पुन्हा विसरला गेला, ही गोष्ट वेगळी.

त्याच सुमारास कनेक्टिकटमध्ये विल्बर ॲटवॉटर माणसाला एका बंद खोलीत दिवसचे दिवस ठेवून त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजत होते. अन्नघटकांची त्यांची कोष्टके हा नव्या विषयाचा पाया ठरला. पण विषयाला घर हवे होते. १८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे रिचर्ड्स यांच्या पुढाकाराने ११ जण जमले. विषयाला नाव देण्यात आले ‘होम इकॉनॉमिक्स’; आपल्याकडचे ‘गृहविज्ञान’ हे त्याचेच भावंड.

हे नाव मोठे चतुर होते. ‘घर’ या शब्दाला विरोध कोण करणार? विद्यापीठांनी दारे उघडली, स्त्रियांना प्राध्यापकपदे मिळाली, जीवरसायनशास्त्र शिकता आणि शिकवता आले. पण याच नावामुळे पुढची अनेक दशके हा विषय ‘मुलींना स्वयंपाक शिकवणारा’ म्हणून हिणवलाही गेला. ज्या शब्दाने आत घेतले, त्यानेच कोपऱ्यात बसवले.

रुग्णालयात या ज्ञानाची खरी कसोटी मधुमेहाने घेतली. इन्सुलिनपूर्वी फ्रेडरिक ॲलन यांची उपचारपद्धती म्हणजे जवळजवळ उपासमारच. मृत्यू थोडा लांबत असे, इतकेच. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले आणि चित्र पालटले. तरीही ताटाचे महत्त्व ओसरले नाही, उलट वाढले. इन्सुलिनची मात्रा आणि पोटात जाणारी कर्बोदके यांचा मेळ बसला नाही, तर तेच औषध रुग्णाला बेशुद्ध करू शके. आता पाव आणि बटाटा ग्रॅममध्ये तोलणारी, त्याचा हिशेब डॉक्टरांपुढे ठेवणारी आणि घरी जाणाऱ्या रुग्णाला तो शिकवणारी व्यक्ती अपरिहार्य झाली. चूक झाली तर जीव जाणार, म्हणून शिक्षणाचा दर्जा ठरवणे भाग पडले.

संघटना त्याआधीच उभी राहिली होती. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१७ मध्ये क्लीव्हलँड येथे ल्यूलू ग्रेव्हज आणि लेना कूपर यांच्या पुढाकाराने ‘अमेरिकन डायटेटिक असोसिएशन’ स्थापन झाली. युद्धकाळात आहारतज्ज्ञ स्त्रिया सैनिकी रुग्णालयांत राबल्या, पण सैन्याच्या लेखी त्या केवळ नागरी कर्मचारी. हुद्दा नाही. दुसऱ्या महायुद्धातही प्रारंभी हेच चालले. मे १९४२ मध्ये फिलिपिन्समधील कोरेगिडोर पडले, तेव्हा परिचारिकांबरोबर रूबी मॉटली ही आहारतज्ज्ञही जपान्यांच्या हाती सापडली. ज्यांचे आयुष्य इतरांच्या ताटाचा हिशेब करण्यात गेले, त्यांनी मनिलाच्या सांतो तोमास छावणीत फेब्रुवारी १९४५ पर्यंत घटत जाणारा शिधा पाहिला. आहारतज्ज्ञांना सैनिकी दर्जा देणारा कायदा झाला तो डिसेंबर १९४२ मध्ये. कायमस्वरूपी दल तर १९४७ मध्येच मिळाले.

नोंदणीची पद्धत सुरू झाली १९६९ मध्ये : मान्यताप्राप्त शिक्षण, परीक्षा आणि सातत्याने अभ्यास. जानेवारी २०२४ पासून तर अमेरिकेत या परीक्षेला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते. रुग्णाच्या दृष्टीने हे योग्यच. भोंदू सल्लागारांची वाण कधीच नव्हती. परंतु बहुधा विनावेतन असलेली उमेदवारी आणि शिक्षणाचा वाढता खर्च यांमुळे नव्या दाराशीही कोणीतरी ताटकळत उभे राहतेच, हे नाकारता येत नाही.

अशाच बंद दारांमधून वाट काढणाऱ्या एका विदुषीमुळे ही कथा भारतात पोहोचते. फ्लेमी किट्रेल या कृष्णवर्णीय स्त्रीने १९३६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, पुढे हॉवर्ड विद्यापीठात गृहअर्थशास्त्र विभाग सांभाळला. १९४७ मध्ये लायबेरियात पाहणी करताना त्यांना दिसले ते असे की, पोटे भरलेली होती, पण आहारात प्रथिने आणि जीवनसत्त्वे नव्हती. १९५० मध्ये फुलब्राइट योजनेतून त्या गायकवाडांच्या बडोद्यात आल्या आणि नुकत्याच स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील गृहविज्ञानाच्या उभारणीत सहभागी झाल्या. कुलगुरुपदी तेव्हा हंसा मेहता होत्या.

भारतीय आहारतज्ज्ञांची संघटना ‘इंडियन डायटेटिक असोसिएशन’ १९६३ मध्ये स्थापन झाली. नोंदणीची तिची परीक्षा असली, तरी ती संघटनेची, कायद्याची नव्हे. दवाखान्याबाहेर ‘आहारतज्ज्ञ’ अशी पाटी लावणाऱ्याने काय शिकलेले असावे, हे ठरवण्याचा अधिकार देणारा राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा संसदेने संमत केला, तो २०२१ मध्ये.