गवाक्षे आणि चिन्हे

संगणकाच्या पडद्यावर आवडीचे चित्र लावणे, त्यावरील चिन्हांना हवे ते रूप देणे, हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. इतिहासाची साक्ष निराळी आहे. छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे १०० किलोमीटरांवर अजिंठ्याचे सोळावे लेणे आहे. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने ते भिक्षूंना अर्पण केले. गवाक्षे व चित्रवीथी यांनी ते सजविल्याचे तेथील शिलालेखच सांगतो. घरदार सोडलेल्यांची भिंतही कोरी राहू नये, असे त्या काळी वाटले!

१९८४ साली मॅकिंटॉश संगणक आला. त्याची चिन्हे सुसान केअर या चित्रकर्तीने आधी चौकटीच्या कागदावर रेखाटली. आडवी ३२, उभी ३२. म्हणजे घरे १०२४ आणि तेवढ्यात अवघे चित्र.

वराहदेवाचे नाव दगडावर राहिले; चित्रे काढणाऱ्यांचे राहिले नाही. केअरबाईंचे नाव उपलब्ध असूनही कोणी विचारीत नाही. म्हणून शाळेतली मुले पडद्यावर अजिंठ्याचा पद्मपाणी लावतात, तेव्हा मी त्यांना अडवीत नाही. एवढेच विचारतो, "बाळांनो, हे काढणारा हात कोणाचा?"